मोराच्या डोळ्यातलं एक घर

पुण्याच्या कंपनीनं लिहिलंय :
निवडक दहा कामं पाठवा,
आणि स्वतःबद्दल शंभर शब्द.

दहा.
अशोक चौकातल्या दुकानात नऊ वर्षांत
किती फ्लेक्स केले, मालकालाही ठाऊक नाही.
बारसं, दशक्रिया, भावी नगरसेवक,
भावी नगरसेवकाचा गॉगलवाला कुत्रा
(हो, त्याचाही वाढदिवस असतो).
कुणाची मान गोरी केली, कुणाचं टक्कल झाकलं,
मयताच्या रेशनकार्डावरच्या फोटोला
कॉलर दिली, गंध दिलं, मागे ढग दिले.
खाली कोपऱ्यात दुकानाचा नंबर.
माझं नाव नाही. जागाच उरत नाही,
शुभेच्छुकच चाळीस.

रविवारी स्कूटी काढली,
स्वतःचीच कामं शोधायला.
फ्लेक्स चौकात चार दिवस जगतो,
पुढची जन्मठेप छपरावर.
विडी घरकुलात सापडला एक :
भाऊ पत्र्यावर उताणे,
छातीवर मिरच्या वाळत घातलेल्या.
खाली सावलीत गुंडव्वा विड्या वळत होती.
"फोटो कशाला काढायलीस? घरपट्टी वाढतीय का?"
म्हटलं, हे मी केलंय.
तिनं सुपातून नजर उचलली नाही.
"गळत नाही. चांगलं हाय."
नऊ वर्षांतला पहिला अभिप्राय.
तिथंच उभ्यानं लिहून घेतला.

घरी नायना.
त्यांचा जन्म ग्राफच्या कागदावर गेला.
एक घर म्हणजे एक धागा.
लाल पेन्सिलनं घरं भरायची,
मग पुठ्ठ्याला भोकं, मग जॅकार्ड,
मग खडखडाट, आणि चादरीवर मोर.
एकदा उजव्या डोळ्यात
एक घर भरायचं राहिलं.
कळेपर्यंत चारशे चादरी बाहेर पडलेल्या.
शेटनं आठवड्याचा पगार कापला
आणि उरलेली एक चादर अंगावर फेकली :
घे तुझा मोर.

पुढच्या का त्याच्या पुढच्या गड्ड्याला,
होम मैदानाच्या कडेला, थंडीत,
एक परका माणूस डोक्यावरून चादर घेऊन झोपलेला.
नायना थबकले. वाकले.
हळूच टोक उचललं, डोळा शोधला,
आणि ओरडले, "इदि नादि!"
हे माझं, हे माझं आहे.
माणूस दचकून उठला, चोर चोर म्हणाला,
चौघं धावून आले.
मी आठ वर्षांची, हातात शेंगांची पुडी.
जन्मात त्यांनी एवढीच जाहिरात केली,
त्यातही मार खाता खाता वाचले.

आता शंभर शब्द.
'सर्जनशील' लिहिते, खोडते.
'ध्येयवेडी' लिहिते, खोडते.
हे शब्द मी रोज दुसऱ्यांच्या नावापुढं लावते,
चौरस फुटाच्या भावानं.
तरुणांच्या गळ्यातला ताईत
म्हणून स्वतःला कसं छापू?
शेवटी लिहिलं :
वनजा मल्लेशम मेरगू, सोलापूर.
माझं काम गळत नाही.
बाकीचे शब्द
त्यांनी वाटल्यास घालून घ्यावेत.

पहिल्या पानावर मिरच्यांचे भाऊ.
मधे दशक्रियेचे ढग, कुत्रा, एक बरी लग्नपत्रिका.
दहाव्या पानावर ती चादर.
हे काम माझं नाही, असं खाली लिहिलं,
ज्याचं आहे त्याच्या नावासकट.

रात्री साडेअकरा. फाइल जड, जाईना.
आकार निम्मा केला. पुन्हा निम्मा.
मोर फुटला,
नुसते चौकोन चौकोन.
मी चरफडले.
नायना अंथरुणातून उठून आले,
चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला,
काचेवर बोट टेकवून मोजू लागले,
ओठांतल्या ओठांत, तेलुगूत,
ओकटि, रेंडु, मूडु.

"अजून एक घर कमीच आहे," म्हणाले,
आणि पाठवायचं बटण
मला दाबू देईनात.