साहित्य परत आलेले नाही

पाच वर्षांनी आपण कुठे असू,
असं फळ्यावर लिहून
अहमदाबादहून आलेल्या त्या मुलीने
पेनाला टोपण लावलं
आणि आमच्याकडे पाहिलं.

दांडिया बाजारातली आमची खोली.
खाली झेरॉक्सचं दुकान, वर रुग्णसाहित्य केंद्र,
अकरा विश्वस्त, सात जण सत्तरीपुढचे.
पाच वर्षांनी कुठे असू हे ऐकून
पागेदार खोकल्यासारखं हसले.

मग पिवळ्या चिठ्ठ्या.
डभोईला शाखा. पादऱ्याला शाखा.
मोबाइलवर अ‍ॅप.
ऐंशी नवे वॉकर, मार्चच्या आत,
कुठल्याशा कंपनीच्या पैशातून.
कुणीतरी लिहिलं, पंखा दुरुस्त करा.
तीही तिने लावली, कडेला, आदराने.

मी चिटणीस. इतिवृत्त माझ्याकडे.
मी 'दूरदृष्टी' लिहिलं, खाली रेघ मारली,
ती वाकडी आली म्हणून दुसरी मारली.
'डावपेच' हा शब्द मला कधी आवडला नाही,
त्यात कुणीतरी हरायचं असतं.

शनाभाई शेव-उसळीच्या बशा उचलत होता.
तीस वर्षं कोठी सांभाळतोय,
मराठी आमच्याकडूनच शिकला, लिंगं सोडून.
म्हणाला, साहेब, वॉकर कमी नाय.
वॉकर बाहेर आहे.

आणि रजिस्टर आणलं.
गेलेलं तीनशे बारा, आलेलं एकशे चाळीस.
का, मुलीने विचारलं.
माणूस बरा झाला तर आणून देतो, बेन,
पेढे पण देतो.
माणूस बरा नाय झाला, तर—
त्याने बशा एकात एक घातल्या.
एकदा केला होता फोन, कारेलीबागेत.
बाई म्हणाली, घेऊन जा.
मग म्हणाली, आज नको.
ती आज नको दोन वरस झाली.

कुणी बोललं नाही.
पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग तिने नखाने चिठ्ठ्या सोडवायला सुरुवात केली.
डभोई निघाली. पादरा निघालं.
अ‍ॅपला जरा वेळ लागला, गोंद चांगला होता.
शितोळेबाई म्हणाल्या, पण देणगीदाराला काय दाखवणार?
नव्या वॉकरवर नाव रंगवता येतं.
खरं होतं ते.
लोकांच्या घरी जाऊन बसण्याला
पाटी कुठे लावणार?

तरी फळ्यावर उरलं ते एवढंच:
तेराव्यानंतर पंधरा-वीस दिवस जाऊ द्यायचे.
एकाने जायचं, दोघांनी नाही, वसुलीसारखं वाटतं.
पाणी घ्यायचं, चहाला नाही म्हणायचं नाही.
फोटोकडे पाहायचं, नीट पाहायचं.
विषय आपण काढायचा नाही.
माळ्याची शिडी घरचं माणूसच आणेल,
उशिरा का होईना.

पाच वर्षांचा आराखडा
असा एका चहाएवढा झाला.
पागेदार म्हणाले, गुडघे आहेत तोवर जमेल.

घरं वाटायला घेतली. एकशे बाहत्तर.
शनाभाई वाचत गेला, बोट ओळीवर.
मांजलपूर, कोण?
रावपुरा, कोण?
पागेदारांनी तीन घेतली, शितोळेबाईंनी नऊ,
नंतर एक परत केलं, तिथे भाऊबंदकी होती.
दोनशे अकरानंतर बोट जरा थांबलं,
आणि पान उलटलं.

मी पाहिलं होतं.
दोनशे बाराची नोंद माझ्याच अक्षरात आहे,
एक वॉकर, चार रबरी बुचं, पैकी एक झिजलेलं,
अनामत नाही, चिटणीस म्हणून सूट.
दिवाणाखाली आहे.
केर काढताना बाई ते सरकवते, पुन्हा तिथेच ठेवते.
मी तिला सांगितलेलं नाही, तिने विचारलेलं नाही.

शेवटी मी म्हटलं,
एक राहिलं, शनाभाई.
तो रजिस्टर मिटत म्हणाला,
तिकडे मी येणार, साहेब. गुरुवारी.
चहा करून ठेवा, साखर कमी.
विषय मी नाय काढणार.