एकवीस व्होल्ट

पिको म्हणजे इथं साडीचं नव्हे.
बारांकियात पिको म्हणजे गल्ली नाचवणारी
स्पीकरांची भिंत, वर रंगवलेला जांभळा वाघ.
शनिवारी लग्न आहे, आणि वाघाचं पोट मुकं.

अठरा इंची शंकू अंगठ्यांनी दाबला
तर आत खरखर, वाळूत घमेलं ओढल्यासारखी.
नाक जवळ नेलं: जळकी लाख, जळका कागद.
"पोरानं आवाज वाढवला," एलिएसेर म्हणतो,
"त्याचेच उद्योग."
विल्मेर दाराशी तळलेले केळ्याचे काप खात उभा,
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

नुबिया मीटरची टोकं लावते.
आकडाच नाही. गुंडाळी तुटलेली.
एलिएसेरनं नवा स्पीकर आणलाय, उधारीवर.
"जोडू?"
"हात लावू नकोस.
मेलेल्याला विचारून झालं.
आता जो धडधाकट दिसतोय त्याला विचारू."

अ‍ॅम्प्लिफायर उघडते. धूळ, मुंग्या,
कुठल्याशा वरातीतला चमकीचा तुकडा.
वायरीच्या वाटेत साठ वॉटचा बल्ब अडकवून
बटण दाबते.
बल्ब पेटतो, मंदावायचं नाव नाही.
आणि आउटपुटवर, काहीही वाजत नसताना,
बल्ब मध्ये असूनही,
एकवीस व्होल्ट. सरळ. न हलणारे.

एक ट्रान्झिस्टर आरपार गेलेला.
त्यानं शंकूला पुढं ढकललं
आणि तसंच धरून ठेवलं, जळेपर्यंत.
आवाजाचं बटण शून्यावर असतं
तरी हेच झालं असतं.

एलिएसेर आकड्याकडं बघत राहतो.
मग मान न वळवता विचारतो,
"काप उरलेत का रे?"