नवी आवृत्ती

एप्रिलात बेटाभोवतीचा बर्फ सुटला,
क्यार्दलाची फेरीबोट वेळेवर येऊ लागली,
आणि मी, नगरपालिकेचा अर्धवेळ संगणकवाला,
दफनभूमीच्या संकेतस्थळावरचं
केशरी बटण दाबलं.

चाळीस सेकंद. हिरवी खूण.
कॉफी अजून गरमच होती.

दुपारी आर्वेद किविलोचा फोन.
ऐंशीच्या पुढचा माणूस, तक्रार करायची सवय नसलेला.
"ती बाई कुठे गेली?"
कुठली बाई?
"नाव सापडलं नाही की बोलायची ती."

मी शोधाच्या चौकटीत एक खोटं नाव टाकलं.
उमटलं: निकाल शून्य.
कोऱ्या पाटीसारखं स्वच्छ.

नियम साधा आहे. मूळ फाइलीला हात लावू नये,
आपले बदल वेगळ्या फोल्डरात ठेवावेत,
नाहीतर नवी आवृत्ती येते
आणि होत्याचं नव्हतं करते,
कुणावर राग नसताना.
माझ्याआधी हे काम पाहणाऱ्या हेल्वेला
कुणी हा नियम सांगितला नसावा.
आणि जुनी प्रत काढून ठेवायची असते
हे मला सांगितलं होतं.

आर्वेदचा थोरला भाऊ एन्देल
चव्वेचाळीसच्या शरदात होडीत बसला, स्वीडनकडे.
त्याचं नाव इथे नाही, हे आर्वेदला ठाऊक आहे.
तरी दर शनिवारी सॉना झाल्यावर
ओल्या केसांनी तो ते टाइप करतो,
उत्तर वाचतो
आणि झोपतो.

"काय असायचं उत्तर?"
तो थांबला. मग पाठ म्हटल्यासारखं:
इथे नाहीत ते. कुठेतरी असतील.
गुरुवारी ग्रंथालयात या, मिळून शोधू.

मी लिहून घेतलं, पाकिटाच्या मागे.
या वेळी वेगळ्या फोल्डरात ठेवलं,
नियमाप्रमाणे.
फक्त गुरुवारचं काय करायचं ते कळेना.
मग, का कोण जाणे,
चौकटीत हेल्वेचंच नाव टाकलं.

निकाल एक.
रांग नऊ, पाइनच्या बाजूला.

रविवारी आर्वेदचा पुन्हा फोन.
"आलं. पण 'मिळून'च्या आधी
ती जरा थांबायची."

स्वल्पविराम की तीन टिंबं, त्याला सांगता येईना.
मी दोन्ही करून पाहतोय.
वरच्या कोपऱ्यात
बटण पुन्हा केशरी झालंय.