किरणं कुठवर आली

राजारामपुरीत आमची लॅब तळघरात.
बारा पायऱ्या उतरल्या की
दिवस नसतो, रात्रही नसते,
ट्यूबलाइट असते आणि फ्रिजची घरघर.
"बाही वर करा," मी म्हणते,
"मूठ वळा. तिकडं बघू नका.
मुंगी चावल्यागत वाटेल."

या महिन्यात सगळे धडधाकट आले.
एका डॉक्टरबाईंचा अभ्यास चाललाय :
वय अठरा ते तीस,
आजार नको, कसली गोळी चालू नको.
मला वाटलं, असं कोण मिळणार?
रांग लागली.

धैर्यशील खोत, तालमीतला.
त्याची शीर शोधावी लागली नाही,
दावं बांधल्यागत दंडावर उठून आलेली.
पहाटे चारला आखाडा, दुपारी झोप,
दिवस कलला की पुन्हा माती.
गंगावेशीत कट्ट्यावर रोज लिटरभर धारोष्ण.
"मला कसली कमी असंल, मॅडम?"
अकरा.
वीसच्या खाली म्हणजे कमी, हे सांगताना
मलाच ओशाळल्यागत झालं.
त्यानं कागद उलटा करून बघितला,
मागं काही बरं छापलंय का.

शहानूर बागवान, गोकुळ शिरगावात रात्रपाळी.
सूर्य त्याला सकाळी कंपनीच्या बसमध्ये भेटतो, काचेपलीकडून.
काचेतून आलेलं ऊन हिशेबात धरत नाहीत,
हे त्याला माहीत नव्हतं.
मलाही नोकरीला लागेपर्यंत नव्हतं.

सुलक्षणा चौगुले म्हणाली,
"मी तर रोज उन्हातनंच गाडीवर येते."
म्हणत म्हणत
तिनं स्कार्फ सोडला, गॉगल काढला,
सनकोटाची चेन उघडली,
कोपरापर्यंतचे हातमोजे ओढून काढले.
मग कुठं मला तिचा हात दिसला,
क्रीमनं गुळगुळीत.
कापसानं दोनदा पुसावा लागला.

शेवटच्या दिवशी एक नळी उरली.
दाराला कडी घातली,
दातांनी पट्टा आवळला
आणि स्वतःलाच म्हटलं, तिकडं बघू नको.

आठ.

त्याच आठवड्यात देवळात किरणोत्सव.
आम्ही बाहेर पडद्यावर बघत होतो,
मावळतीचं ऊन गाभाऱ्यात शिरलं,
पायांवर आलं, गुडघ्यांवर,
कमरेशी थबकलं
आणि गेलं.
अख्खं गाव हळहळलं.
कुणी म्हणालं ढग, कुणी म्हणालं धूळ,
कुणाच्या तरी गच्चीवरची टाकी आडवी आली म्हणे.
दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर तोच विषय,
मोजणी करा, नोटीस काढा.

मी तळघरात यादी लावत बसले.
धैर्यशील, घोट्यापर्यंत.
शहानूर, उंबऱ्याशी.
सुलक्षणा, मी, महाद्वाराच्याही अलीकडं कुठंतरी.

आमच्या घराला गच्ची आहे.
आई तिथं सगळ्याला ऊन दाखवते :
गाद्या, तांदूळ, लोणच्याची बरणी,
चटणीसाठी संकेश्वरी मिरची.
ऊन नसलं की जीव तगमगतो तिचा,
बुरशी धरेल म्हणते.
मला मात्र लहानपणापासून
"आत ये, काळी पडशील."
कपाटात माझ्या बायोडाट्याच्या वीस झेरॉक्स आहेत.
वर्ण : गोरा.
तो मी लिहिलेला नाही.

रविवारी साडेबाराला चटई घेऊन वर गेले.
कोवळं ऊन नको म्हणाल्या होत्या डॉक्टरबाई,
सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल तेव्हाचं घे.
मिरच्यांच्या शेजारी आडवी झाले.
ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं,
पापण्यांच्या आत सगळं लाल लाल.

आई मिरच्या परतायला आली.
पैंजण थांबल्याचं ऐकू आलं.
मी डोळे उघडले नाहीत,
आता म्हणेल, आता म्हणेल.
तिनं माझ्याभोवतीच्या मिरच्या आधी परतल्या,
मग म्हणाली,
"बाह्या तरी वर कर मग."