बावटा तीन नंबर

देवगडच्या बंदरात तीन नंबरचा बावटा चढला
आणि होड्या आत आल्या, एकीला एक घासत,
गुजरातच्या, मालपेच्या, आमच्याही.
तिसऱ्या रात्री पत्ते फाटले, भांडणंही संपली,
तेव्हा बाबल्या तांडेलाने बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर
ताडपत्रीची पांढरी बाजू ताणली
आणि भाच्याचा प्रोजेक्टर लावला.

सिनेमा जपानी. हाताने काढलेला, तरी रक्त खरं वाटावं असा.
खाली इंग्रजी अक्षरं पळत होती,
ती वाचणारी अख्ख्या जेटीवर मी एकटी,
पावत्या फाडणारी सुनेत्रा कुबल.
मासळीचा उलटा क्रेट दिला बसायला.
म्हणाले, तू बोल गे, आमी बघतो.

पहिला तास मला कामच नव्हतं.
तलवारीला भाषांतर लागत नाही.
पूल कोसळला, आगगाडी हवेत दुमडली,
लोखंडी हाताच्या माणसाने आख्खी गल्ली मुठीत चुरगळली,
चाळीस खलाशी एका दमात ओरडले.
मी आपली मधूनमधून:
"थांब." "पळ." "ह्याचा बाप त्याने मारला."

मग ते दोघे एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली थांबले.
तिने त्याच्या खांद्यातली काच चिमट्याने काढली
आणि सिनेमा तिथेच बसला.
पाच मिनिटं. सात.
मागे शहर जळत होतं, पण आता लांब, शेकोटीएवढं.
लोखंडी हातवाला कुठल्यातरी चौकात ताटकळत असणार.
"फायटिंग खंय गेली गे?"
"पुढे पळय मा!"
बाबल्या तांडेल म्हणाला, "ऱ्हवांदे.
जखम बांधूक येळ लागता."

तिसऱ्या रांगेत, जाळ्याच्या ढिगावर, भिवा जोगल.
अंधारातही सुई चालते त्याची,
गाठ, ओढ, गाठ.
ती थांबलेली मला ऐकू आली.

अक्षरं म्हणाली, उद्या परत येशील?
मी म्हटलं, "उद्या परत येशील?"
अक्षरं म्हणाली, मला वचन नको.
मी म्हटलं, "माका वचन नको."
मालवणी कधी सुरू झाली ते मलाच कळलं नाही.
मग अक्षरं संपली.
ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली,
डोळ्यांत ते काढलेलं पाणी, ओघळत नाही, थरथरतं,
आणि चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे.

मी म्हटलं,
"तुझ्या हातांका डिझेलचो वास येता.
तू धरलेलो पावतीचो कागद
मी फायलीक लावणंय नाय."

"तलवारवाल्याक डिझेल?" कोणीतरी हसलं.
"आणि पावती कसली?"
"जपानात असता तसा," मी म्हटलं.

मग भिंत फुटली, लोखंडी हात आत आला,
सगळे सुटले एकदाचे. शिट्ट्या, क्रेटवर लाथा.
कोण जिंकलं ते मला विचारू नका.

पहाटे बावटा उतरला.
इंजिनं खोकत खोकत एकेक होडी सुटायला लागली.
भिवा बर्फ न्यायला आला. बारा लाद्या.
हात साबणाने घासून लाल केलेले, वर खोबरेल.
मला रागच आला.
पावती पुढे केली. त्याने धरली. मी सोडली नाही.
"त्या चेडवान," तो कागदाकडे बघत म्हणाला,
"खराच तसा म्हटल्यान?"

क्रशर एवढा कडकडत होता
की मी काय बोलले ते मलाही ऐकू आलं नाही.
त्याने मान हलवली, जशी सगळेच हलवतात क्रशरपाशी,
आणि लाद्या न मोजता गेला.

अकराच गेल्या होत्या.
बारावी दारात आहे.
भुसा टाकून ठेवलाय मी तिच्यावर.