बघू की

दसरा चौकातल्या हॉलमध्ये सत्तावीस माणसं,
त्यातली चार झोपलेली,
एक पंखा सगळ्यांपेक्षा बोलका.
पडद्यावर फ्रान्समधलं कुठलंसं गाव,
कुणी कधी काही विचारलंच नसावं
इतका निवांत समुद्र.
एक मुलगी सायकल हातात धरून चालते,
चढ नाही, तरी चालतच.
शेजारी एक मुलगा.
पुढच्या दृश्यात दुसरा.
ती दोघांनाही तेच सांगते,
खाली पांढऱ्या अक्षरांत अख्खी इंग्रजी ओळ उमटते
आणि मला तिचं मराठी एकाच शब्दात येतं :
बघू.

मागच्या रांगेतले काका शेजाऱ्याला,
"गोष्ट कवा सुरू हुनार म्हनायची?"
काका, सुरू होऊन अर्धी सरली.
दोन उन्हाळी दुपारी आणि एक सायकल,
एवढ्याचीच आहे ती.

माझ्याकडेही होता असा एक मे.
परीक्षा संपलेली, निकाल लांब,
रंकाळ्याचं पाणी पायऱ्या सोडून आत सरकलेलं,
आणि पुण्याहून मावशीकडे आलेला श्रीनंद,
राजारामपुरी, आठवी गल्ली.
मी म्हणायची, "उद्या येतो."
तो थांबायचा. "येतो नाही गं, येते."
मला हसू यायचं, मग राग,
मग घरी जाऊन आरशासमोर
येते, येते, येते,
जशी दुसऱ्या कुणाची तरी साडी नेसून बघावी.

आणि विश्वास, सातपुत्यांचा.
पापाच्या तिकटीला वडिलांचं दुकान,
चामड्याचा, तेलाचा वास.
त्यानं जुन्या पेपरवर पाय ठेवायला सांगितला
आणि कडेकडेनं पेन्सिल फिरवली,
बाजारभावावरनं, लग्नाच्या जाहिरातींवरनं,
करंगळीपाशी जराशी थांबवून.
वर बघितलं नाही.
"करकर वाजणारं पायजे, का बिनआवाजाचं?"
त्यानं मला विचारलेला तेवढा एकच प्रश्न.
मी म्हणाले, "बघू की."

रविवारी श्रीनंदची गाडी होती. "काहीतरी सांग," म्हणाला होता.
रविवारीच चपला तयार होणार होत्या.
मी केएमटीच्या थांब्यावर उभी.
एक बस स्टँडकडे गेली,
एक गंगावेशीकडे,
पुन्हा एक स्टँडकडे.
कंडक्टरनं दारातनं विचारलं, "चढनार काय?"
मी मान हलवली, कशी ते मलाही कळलं नाही.
त्यानं दोनदा बेल ओढली.
शेजारी एक बाई करवंदं विकत होती,
मी द्रोणभर घेतली, सगळी खाल्ली,
ओठांना चीक लागला, आणि संध्याकाळ झाली.

चपला आणायला गेले तेव्हा जून उजाडलेला.
दुकानात वडील एकटे.
"थोरला गेला इचलकरंजीला, मामाच्या कारखान्यात,"
पैसे मोजत म्हणाले.
"आणि ह्यात काय चुकलंय बघ पोरी,
आमचा असा नव्हता कधी वेंधळा."
मी तिथंच घालून बघितल्या.
डावी वाजत होती.
उजवी मुकी.

वेंधळा नव्हता तो.
महाद्वारापर्यंत चालत आले मी,
करकर, काही नाही, करकर, काही नाही,
लोक वळून बघत होते.
दुरुस्त मात्र करून घेतल्या नाहीत.
झिजेपर्यंत तशाच वापरल्या,
लग्नाच्या बघण्याला सुद्धा दाराशी त्याच होत्या.

पडद्यावर आता ती मुलगी
सायकल भिंतीला टेकवून घरात जाते.
मागचं चाक थोडा वेळ फिरत राहतं.
तेवढंच. मग नावं.
दिवे लागले, झोपलेले चौघे उठले,
काका म्हणाले, "म्हंजी? शेवटी कुनाला?"
कुणीच उत्तर दिलं नाही.

जिन्यात क्लबचे सेक्रेटरी रजिस्टर घेऊन उभे.
"मॅडम, पुढच्या रविवारी जपानी आहे.
येणार ना?"
मी पेन घेतलं,
नावापुढे काय लिहावं म्हणून क्षणभर थांबले,
मग जिभेवर आधी आलं ते बोलून टाकलं.
"येतो," म्हटलं.