काळ्या घोड्याच्या पुलावर, बादली घेऊन

बादलीवर ओला पंचा.
स्कूटरच्या पायाशी ठेवून दांडिया बाजारातून निघालो
तेव्हा कोकिळाबेन गॅलरीतून म्हणाल्या,
छोडी द्यो भाई, मूंगो जीव छे, पुण्य मळशे.

पुण्य.
आत सुभेदार नखांनी प्लास्टिक खरवडत होता.
रेवतीनं पाचवीत हट्टानं घेतला तेव्हा रुपयाएवढा,
दुकानदार म्हणाला होता, एवढाच राहतो.
आता पोळपाटाएवढा.
मादी आहे हे कळलं
तोवर नाव बदलायला उशीर झाला होता.
रेवती हॅलिफॅक्सला. फोनवर आधी विचारते
सुभेदार खातो ना?
मग माझी साखर.

खाली विश्वामित्री. जलपर्णी, निर्माल्याच्या पिशव्या,
काठावर एक मगर दगडासारखी
किंवा दगड मगरीसारखा.
पंचा काढला.
मान लांबवून त्यानं माझ्याकडे पाहिलं,
माझ्याकडे म्हणजे
सकाळी सातला वाजणाऱ्या डब्याकडे.
मगर आली तर हा बहुधा
तोंड वर करून उभा राहील.

आणि वाचला तर?
वाचला तर जास्त वाईट, डॉक्टर पागे म्हणाल्या.
उन्हाला बसायचे दगड नदीत मोजके,
हा चढेल, हटणार नाही,
इथल्या कासवांना याचे आजार ठाऊक नाहीत.
तो इथला नाही हो.

इथला नाही.
हे मात्र घशाखाली उतरेना.
आमचे खापरपणजोबा फौजेमागून
हिशेबाच्या वह्या घेऊन आले या गावात,
तेव्हा नदीला कुणी विचारलं होतं?
आमच्या आमटीतला गूळ
आता त्यांचा की आमचा, सांगता येत नाही.
पण आम्ही चालत आलो होतो,
आम्हाला कुणी पुलावरून ओतलं नव्हतं.
हा फरक खरा
की माझ्या सोयीचा,
कठड्याला टेकून बराच वेळ उभा होतो.

शुं छे काका, माछली?
रिक्षावाल्यानं विचारलं.
नाही, म्हटलं, घरचं माणूस.

परत आलो. छोडी आव्या? कोकिळाबेन.
हो म्हणालो,
आणि बादलीत पाणी डुचमळलं.

चौतीस वर्षं बँकेत हिशेब केले.
हा अजून पंचवीस वर्षं जगेल, मी अडुसष्टचा;
ही वजाबाकी कुठूनही केली तरी
शेवटी टाकीत कासव उरतं.
भाच्याला विचारलंय. बघू म्हणाला.

मिस्त्रीनं गच्चीवरच्या टाकीत
उन्हाला चढायला उतार करून दिला, सातशे घेतले.
सुभेदार त्यावर बसतो, पाय मागे ताणून,
आणि संध्याकाळी उतरून
पूर्वेच्या भिंतीवर नखं घासत राहतो.

नदी पश्चिमेला आहे.
मी दोनदा खात्री करून घेतली.